सुट्या अंगांचें वाद्य

सतार घडविणारा कारागीर भोपळा, दांडी, पडदे व तारा यांचा मेळ स्वतःच घालतो आणि तयार वाद्य वादकाच्या हातीं देतो. तारा किती असाव्यात, पडदे कोठें बसावेत, ह्या प्रश्नांचा निकाल परंपरेनें केव्हांच लावलेला असतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असें एक वाद्य जन्मास आलें कीं, ज्याचीं अंगें सुटीं मिळतात, आणि तीं कोणतीं घ्यावयाचीं व कशीं जोडावयाचीं हें वादकानेंच ठरवावयाचें असतें. ह्या वाद्यास मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात व त्याच्या एकेका सुट्या अंगास मॉड्यूल म्हणतात. आज बाजारांत अशीं हजारों मॉड्यूलें आहेत, आणि नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो तो हा कीं, आरंभीं घ्यावें तरी काय ? हा प्रश्न ह्या वाद्याइतकाच जुना आहे. ज्यांनीं तो प्रथम सोडविला, त्यांच्यापुढें विकत घेण्यासारखें कांहींच नव्हतें. म्हणूनच त्यांचें उत्तर लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या साहाय्यानें नाद निर्माण करून संगीतरचना करण्याचे प्रयोग युरोप-अमेरिकेंत सुरू झाले. १९५१ सालीं जर्मनींतील कलोन येथील नभोवाणी-केंद्रांत ह्या कामासाठीं खास स्टुडिओ निघाला. १९५७ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आर. सी. ए. कंपनीचें जें यंत्र बसविण्यांत आलें, तें खोली भरून टाकण्याएवढें अवाढव्य होतें. बहुतेक ठिकाणीं काम चाले तें ध्वनिफितीवर. एकेक नाद फितीवर मुद्रित करावयाचा, तो पात्यानें कापावयाचा आणि दुसऱ्यास चिकटवावयाचा. कांहीं सेकंदांच्या संगीतासाठीं दिवसेंदिवस खर्चीं पडत. यंत्रावर घुंड्या पुष्कळ असत, पण त्या फिरविणारा हात एका वेळीं एक-दोनच घुंड्या फिरवी, आणि गवयाचा गळा जितक्या चपळाईनें फिरतो तितकी चपळाई त्या हाताला कोठून येणार ?

ही अडचण ज्यांनीं दूर केली, त्यांपैकीं रॉबर्ट मोग हे न्यूयॉर्क राज्यांतील ट्रुमन्सबर्ग नांवाच्या लहानशा गांवीं राहात. १९३४ सालीं जन्मलेले हे गृहस्थ विद्यार्थिदशेपासूनच हवेंत हात हालवून वाजविण्याचें थेरेमिन नांवाचें वाद्य तयार करून विकीत असत. १९६३ च्या अखेरीस रॉचेस्टर येथील संगीतशिक्षकांच्या एका परिषदेंत त्यांची हर्बर्ट डॉइच यांच्याशीं गांठ पडली. डॉइच हॉफ्स्ट्रा विद्यापीठांत संगीत शिकवीत व स्वतः रचनाही करीत. १९६४ च्या उन्हाळ्यांत ते ट्रुमन्सबर्गला आले, आणि एक रचनाकार व एक यंत्रज्ञ एकाच टेबलाशीं बसून कामाला लागले.

मोग यांची मूळ कल्पना सांगावयास सोपी आहे. घुंडी हातानें फिरविण्याऐवजीं ती विजेनेंच कां फिरवूं नये ? नाद निर्माण करणाऱ्या मंडलास ऑसिलेटर म्हणतात. त्याला दिलेला विजेचा दाब एका व्होल्टानें वाढविला कीं स्वर बरोबर एक सप्तक वर जावा, अशी योजना त्यांनीं केली. अर्थात् एका व्होल्टाच्या बाराव्या हिश्शानें अर्धस्वराचा फरक पडतो. हें माप पुढें रूढ झालें. यांतील खरी किमया अशी कीं, हा दाब दुसऱ्या एकाद्या मंडलापासूनही घेतां येतो. एक ऑसिलेटर अगदीं मंद गतीनें चालवून दुसऱ्याला जोडला कीं दुसऱ्याचा स्वर झुलूं लागतो. म्हणजे एक अंग दुसऱ्याची घुंडी फिरवितें, आणि दोन अंगांचा गुण दोहोंच्या बेरजेहून अधिक होतो.

त्या उन्हाळ्यांतला पहिला संच म्हणजे असे दोन ऑसिलेटर आणि नादाची तीव्रता विजेनें कमीअधिक करणारें एक ॲम्प्लिफायर, एवढाच होता. पण त्यांत एक उणीव डॉइच यांना तत्काळ जाणवली. नाद अखंड वाहात राही. त्याला आरंभ नव्हता, शेवट नव्हता. सतारीची तार छेडली कीं नाद एकदम उसळतो व मग हळूहळू विरतो. ह्या उसळण्याविरण्यावरच तर आपण वाद्य ओळखतों. डॉइच यांनीं ही गरज सांगतांच मोग यांनीं त्यांना लोखंडी सामानाच्या दुकानांतून दाराच्या घंटेचें एक बटन आणावयास धाडलें. तें बटन दाबलें कीं कंडेन्सरांत विजेचा भार चढे, सोडलें कीं ओसरे, आणि त्या चढउताराबरोबर नादही चढे व ओसरे. पुढें ह्याच अंगाचें नांव एन्व्हलप जनरेटर असें पडलें. एवढ्या सामग्रीवर डॉइच यांनीं एक लहानशी रचना ध्वनिफितीवर तयारही केली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मोग यांनीं न्यूयॉर्कच्या ध्वनिशास्त्रज्ञांच्या अधिवेशनांत आपला प्रबंध वाचला व तेथेंच त्यांना गिऱ्हाइकें मिळालीं.

यापुढची वाढही अशीच झाली. टोरोंटो विद्यापीठाच्या स्टुडिओंतील गुस्ताव सियामागा यांना नादांतील तीव्र कंपनें गाळून त्याचा रंग बदलणारा फिल्टर हवा होता. मोग यांनीं तो विजेनें चालणारा करून दिला. कोलंबियाचे व्लादिमीर उसाचेव्स्की यांनीं १९६५ मध्यें नादाच्या आकाराचे चढ, उतार, स्थैर्य व विलय असे चार भाग मागितले. आज जगांतील बहुतेक सिंथेसायझरांवर ते चार भाग दिसतात. प्रत्येक अंगामागें कोणातरी संगीतज्ञाची नेमकी गरज उभी होती. हौसेनें कपाट भरावयाचें म्हणून तें निर्माण झालें नव्हतें.

ह्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसरें उत्तर तयार होत होतें. सॅन फ्रान्सिस्कोंत रमोन सेंडर व मॉर्टन सबॉटनिक यांनीं १९६२ सालीं ध्वनिफितींवरील संगीताचें एक केंद्र काढलें होतें. फिती कापून कापून ते कंटाळले होते. त्यांनीं डॉन बुक्ला ह्या तरुण यंत्रज्ञास रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगींतून ५०० डॉलर देऊन रचनाकारासाठीं नवें वाद्य घडविण्यास सांगितलें. बुक्ला यांच्या वाद्यांत एक अंग असें होतें कीं, घुंड्यांची एक रांग लावून ठेवली म्हणजे तें एकामागून एक ठरलेले दाब आपोआप देई. फितीचे तुकडे सांधण्याचें काम त्यानें आपल्याकडे घेतलें. परंतु मुख्य भेद निराळाच होता. बुक्ला यांनीं पेटीच्या पट्ट्या मुळींच ठेवल्या नाहींत. त्यांच्या जागीं बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या धातूच्या चकत्या होत्या, आणि कोणत्या चकतीनें काय घडावें हें वादकानें ठरवावयाचें. सबॉटनिक यांची १९६७ सालची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका ह्याच वाद्यावर रचलेली आहे.

हात कोठें ठेवावयाचा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. उसाचेव्स्की यांचाही काळ्यापांढऱ्या पट्ट्यांना विरोध होता. पट्ट्या आल्या कीं रचनाकाराचें मन जुन्याच बारा स्वरांकडे वळेल, अशी त्यांना भीति वाटे. डॉइच यांचें म्हणणें असें कीं, पियानो समोर असूनही शोनबर्गला नवें संगीत सुचलेंच ना ? मोग यांनीं पट्ट्या ठेवल्या. १९६८ मध्यें वेंडी कार्लोस यांनीं मोगच्या वाद्यावर बाखच्या रचना एकेक स्वर मुद्रित करून सादर केल्या, ती ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचली, आणि सिंथेसायझर म्हणजे पट्ट्यांचें वाद्य ही समजूत जगभर दृढ झाली.

हा वाद मराठी रसिकांना परका वाटूं नये. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनीं जी पेटी महाराष्ट्रांत मान्य केली, तिला १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें आपलें दार बंद केलें, आणि तो निर्बंध सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. आक्षेप हाच होता कीं, ठरावीक पट्ट्यांतून मींड निघत नाहीं व श्रुतींचा सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहीं. सुट्या अंगांच्या वाद्यांत मात्र ह्या अडचणीवर तोड आहे. मोग यांनीं पट्ट्यांबरोबरच एक ताणलेली फीतही देऊं केली. तीवर बोट सरकविलें कीं स्वर अखंड सरकतो. पेटीला जें साधत नव्हतें तें येथें केवळ एक अंग बदलून साधतें.

भारतांतही हें वाद्य लौकरच आलें. १९६९ च्या शरदांत अमेरिकन संगीतज्ञ डेव्हिड ट्यूडर यांनीं अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्यें मोगचा संच बसविला. पखवाजवादक गीता साराभाई यांचा त्यांत पुढाकार होता. १९४६ मध्यें न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे देणाऱ्या त्या ह्याच. त्या स्टुडिओंत गीताबाईंसह अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा इत्यादि भारतीयांनीं रचना केल्या. कांहीं वर्षांत तें काम थांबलें व फिती विस्मृतींत गेल्या; त्यांतील निवडक रचना २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या, तेव्हां अनेकांना हा इतिहास प्रथमच कळला.

१९७० सालीं मोग यांच्या कंपनीनें मिनीमोग काढला. त्यांत तीन ऑसिलेटर, एक फिल्टर व इतर आवश्यक अंगें एकाच पेटींत आंतूनच जोडलेलीं होतीं. निवडीची दगदग संपली, परंतु निवडही संपली. पुढें १९९० नंतरच्या दशकांत जर्मनींतील डीटर डोपफर यांनीं सुट्या अंगांची पद्धत लहान व स्वस्त स्वरूपांत पुन्हा सुरू केली. ह्या पद्धतीला युरोरॅक म्हणतात. प्रत्येक मॉड्यूलाची उंची १२८·५ मिलिमीटर, रुंदी ५·०८ मिलिमीटरच्या पटींत, आणि वीज धन व ऋण १२ व्होल्ट. हें माप असंख्य कारखानदारांनीं स्वीकारलें, आणि ज्या ठिकाणीं एकेकाळीं टंचाई होती तेथें महापूर आला.

ह्या महापुरांत उतरणाऱ्यानें १९६४ चा संच डोळ्यांपुढें ठेवावा. नादासाठीं एक ऑसिलेटर, रंगासाठीं एक फिल्टर, तीव्रतेसाठीं एक ॲम्प्लिफायर, आकारासाठीं एक एन्व्हलप जनरेटर, आंदोलनासाठीं एक मंद ऑसिलेटर आणि वाजविण्यास कांहींतरी हाताचें साधन, एवढ्यानें वाद्य पुरें होतें. दाब कमी करणारें व अनेक नाद एकत्र करणारें अशीं दोन साधीं अंगें दिसावयास नीरस, पण त्यांवांचून बाकीचीं अंगें एकमेकांस नीट जुळत नाहींत. नवशिके नेमकीं तींच विसरतात. आधीं पेटी व वीजपुरवठा पाहावा. सर्व मॉड्यूलांना लागणाऱ्या प्रवाहाची बेरीज पुरवठ्याच्या बरीच खालीं असावी, आणि पट्टीसारख्या तारेची लाल कड ऋण १२ व्होल्टांच्या बाजूस आहे ना, हें जोडतांना दोनदां तपासावें. उलटी जोडणी मॉड्यूल जाळूं शकते. पेटींतील कांहीं जागा मुद्दाम मोकळी ठेवावी.

त्या मोकळ्या जागेंत पुढें काय बसवावें, हें दुकानदाराला किंवा शेजाऱ्याच्या भरलेल्या कपाटाला विचारून कळणार नाहीं. आहे तें वाजवितां वाजवितां एके दिवशीं कानाला कांहींतरी उणें वाटतें. डॉइच यांना नादाचा शेवट उणा वाटला, तसेंच. तें उणें नेमकें काय, हें ज्याला सांगतां आलें, त्याचें पुढचें मॉड्यूल ठरलेंच म्हणून समजावें. डॉइच यांची ती गरज तर घंटेच्या एका बटनानें भागली होती.