वनस्पती, गाळणी आणि काचपात्रातील पाणी

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली सुमारे १२ गॅलनांच्या एका पात्रात दोन सोनमासे सोडून, तळाच्या वाळूत व्हॅलिस्नेरियाची रोपे लावून, पाणी न बदलता हा संसार किती काळ चालतो ते पाहण्याचे योजिले, तेव्हा त्या पात्राला गाळणी नव्हती. शुद्धीकरणाची सारी कामगिरी वनस्पतीकडेच होती. हिरवी पाने उजेडात प्राणवायू सोडतात, हे प्रीस्टली आणि इंगेनहाउस यांनी अठराव्या शतकातच दाखविले होते. परंतु वॉरिंग्टन यांच्या पात्रातील जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, आणि अखेर त्या कुजक्या पानांच्या बंदोबस्तासाठी गोगलगायींची नेमणूक करावी लागली. गाळणीच्या इतिहासात या गोगलगायींना मी आद्य मान देतो.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढल्याच वर्षी निसर्गशास्त्रज्ञ गॉस यांचा मत्स्यपात्रांवरील ग्रंथ निघाला, आणि सुखवस्तू दिवाणखान्यांतून काचपात्रांचे जे पीक आले त्यात वॉरिंग्टन यांचा संयम कोणी पाळला नाही. मासे दाटीवाटीने भरले गेले आणि मेले. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली क्रिस्टल पॅलेसच्या सागरी मत्स्यालयात निराळी तजवीज केली: जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदातील पाणी वाफेच्या यंत्राने अष्टौप्रहर खेळते ठेवले. येथपासून शुद्धीकरणाचा कारभार वनस्पतीकडून यंत्राकडे जाऊ लागला. खेळत्या पाण्याने एवढे का साधते याचा उलगडा मात्र सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतील नत्रीकारक जिवाणू वेगळे केल्यावरच होऊ शकला. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे हे जिवाणूच स्पंजावर व खड्यांवर वस्ती करतात, आणि गाळणी ही मुख्यतः त्यांची वसाहत असते.

विसाव्या शतकात हवेच्या पंपावर चालणाऱ्या गाळण्या आल्या. माशांना त्या मानवल्या. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र त्यांत एक खोट होती, ती अशी की बुडबुड्यांनी पृष्ठभाग ढवळला की त्यांच्या पोषणासाठी पाण्यात मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो. जर्मनीतील एहाइम कंपनीने साठच्या दशकात रूढ केलेला बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर वनस्पतिप्रेमींनी उचलून धरला तो याच कारणाने. त्यात पाण्याची हवेशी गाठ पडत नाही, आणि परतीची नळी पृष्ठभागाखाली ठेवता येते. तासाला टाकीच्या चौपट ते दसपट पाणी फिरावे असा छांदिष्टांचा संकेत आहे. मी चौपटीच्या बाजूचा, कारण भरघोस वनस्पती अमोनिया स्वतःच शोषतात. लहान टाकीत, मासे मोजके असतील आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा नसेल, तर मंद चालणारा स्पंज फिल्टरही पुरतो, मग दुकानदार काहीही म्हणो. स्पंज धुताना मात्र टाकीतून काढलेलेच पाणी घ्यावे. मुंबई-पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यातील क्लोरिन ती जिवाणूंची वसाहत उजाड करू शकते.