साताऱ्याच्या पंडिताघरचा न्यायाधीश

सांगलीच्या कोर्टात मी नवखा वकील होतो, तेव्हाची गोष्ट. जवळच्या गावातला एक पक्षकार आला. देवळात शिरू देत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. ‘‘गावाशी वैर कशाला घेता?’’ असे सांगून मी त्याला परत पाठवले. माझ्या सीनिअरांनी ते ऐकले होते. संध्याकाळी त्यांनी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल माझ्यापुढे टाकला. म्हणाले, ‘‘आपल्या साताऱ्याच्या माणसाचा आहे. वाच.’’

तो माणूस म्हणजे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचा, १६ मार्च १९०१ चा. वडील संस्कृतचे पंडित. सातारा हायस्कूल, धारवाडचे कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. १९२४ मध्ये एम. ए., १९२६ मध्ये एलएल. बी. ‘दत्तकमीमांसा’ या धर्मशास्त्रग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती नावाजली गेली. मुंबईत वकिली केल्यावर १९४५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले.

माझ्यापुढचा निकाल १४ जानेवारी १९६६ चा होता. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात दलितांना प्रवेश मिळू नये म्हणून काही अनुयायांनी १९४८ मध्ये दावा लावला होता. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा, तेव्हा मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हांला लागू नाही, असे त्यांचे म्हणणे. गजेंद्रगडकरांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा मागोवा घेतला, ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वारकरी पंथाचा दाखला दिला, टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला आणि हा संप्रदाय हिंदू धर्मातलाच असल्याचे ठरवले. मंदिराचे दार कायद्याने खुले राहिले. कोर्टाने धर्माची व्याख्या करावी का, हा वाद पुढे चालत राहिला. पण ज्या विद्येच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे उंबऱ्याबाहेर ठेवली गेली, तीच विद्या इथे दार उघडण्याच्या कामी आली होती.

दोनच महिन्यांनी, १५ मार्चला, ते निवृत्त झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तो निकाल वाचून मी त्या पक्षकाराला निरोप धाडला. तो परत आला नाही. दाव्याला अठरा वर्षे लागली, हे मला ठाऊक होते. माझ्या दारातून परत जायला त्याला पाच मिनिटेही लागली नव्हती.