भिंगरोपण : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा चष्मा

डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवण्याची क्रिया. बोलीत याला ‘लेन्स टाकणे’ म्हणतात. नागपुरात सीताबर्डी आणि तिला लागून असलेल्या धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे. विदर्भातून, तसेच छिंदवाडा-बालाघाटकडून रुग्ण इथे येतात. तपासणी झाली की ‘लेन्स कोणती?’ हा प्रश्न निघतो, आणि बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ ‘चष्मा सुटेल का?’ असाच असतो.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिक तुकडे डोळा निमूट सोसतो, हे त्यांनी पाहिले होते. भारतात मात्र पुढे कित्येक वर्षे मोतीबिंदू नुसताच काढत आणि रुग्णाला दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा देत. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त भिंगे बनवायला घेतली आणि शिबिरातल्या गरिबालाही भिंग मिळू लागले.

साधे एककेंद्री भिंग (मोनोफोकल) एकाच अंतरावर नजर स्थिर करते. सहसा लांबचे दिसेल असा नंबर धरतात. वाचायला अडीच नंबरच्या आसपासचा चष्मा लागतो. याला कमी प्रतीचे समजण्याची चूक सर्रास होते. खरे तर सर्वांत स्वच्छ, ठसठशीत प्रतिमा याच भिंगाची असते.

बुबुळाच्या गोलाईत फरक असला की सिलिंडर नंबर येतो. त्यासाठी टॉरिक भिंग असते. ते ठरलेल्या अक्षावरच बसावे लागते : एक अंश सरकले तर सुमारे तीन टक्के गुण कमी होतो, तीस अंश फिरले तर जवळपास सगळाच जातो. माणूस आडवा झाला की डोळा किंचित फिरतो, म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खुणा करून घेतात.

बहुकेंद्री आणि त्रिकेंद्री भिंगांवर सूक्ष्म वर्तुळाकार कड्या असतात. त्या आत येणारा प्रकाश लांब, मध्यम आणि जवळ असा वाटून देतात. चष्मा सुटण्याची सर्वाधिक शक्यता इथेच. पण प्रकाश वाटला गेल्याने अंधुक उजेडात ठसठशीतपणा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. वर्धा रोडवर रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावे. मेंदूला सवय होऊन वलये बहुतेकांना कालांतराने जाणवेनाशी होतात, सर्वांना नाही. विस्तारित केंद्राचे (ईडॉफ) भिंग मधला मार्ग देते : लांबचे आणि 60 ते 80 सेंटिमीटरवरचे चांगले दिसते, बारीक छपाईला चष्मा लागू शकतो. सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवसभर थान उलगडणाऱ्या आणि संगणकावर बिल करणाऱ्या कापडवाल्याला नेमकी हीच नजर हवी असते. साधी भिंगे वापरून एक डोळा लांबसाठी, दुसरा थोडा जवळसाठी ठेवण्याची ‘मोनोव्हिजन’ पद्धतही आहे. तिला जादा खर्च नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून ती मानवते का ते पाहता येते.

भिंगाच्या किमतीवर जेवढी चर्चा होते, तेवढी मोजमापावर व्हायला हवी. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटर चुकला तर अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, मग महागडे भिंगही चष्मा सोडवत नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने ग्रामीण मध्य भारतात केलेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त तिशीवरील 4,711 जणांची तपासणी झाली. त्यात डोळ्याची सरासरी लांबी 22.6 मिमी भरली. पाठ्यपुस्तकांत ती साडेतेवीसच्या आसपास सांगितलेली असते. डोळा फार आखूड असेल तर भिंग पुढेमागे बसल्याचा परिणामही जास्त होतो. म्हणून सरासरीवर विसंबता येत नाही, प्रत्येक डोळा मोजावाच लागतो.

मधुमेहाने किंवा वयाने पडदा खराब झालेल्यांना, वाढलेल्या काचबिंदूच्या रुग्णांना बहुकेंद्री भिंग सहसा देऊ नये. डोळ्यांचा कोरडेपणा असेल तर आधी त्यावर उपचार करून मगच मोजमाप घ्यावे. काही महिन्यांनी वा वर्षांनी काहींना भिंगामागची पिशवी धूसर होऊन पुन्हा अंधुक दिसू लागते. तो मोतीबिंदू परत आलेला नसतो. लेझरने ती काही मिनिटांत मोकळी करतात.

‘चष्मा कमी लागेल’ एवढेच आश्वासन प्रामाणिक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपले काम, वाचन, रात्रीचे वाहन याबद्दल डॉक्टरांना सविस्तर सांगावे. भिंगाच्या डबीवरील नाव, नंबर आणि अनुक्रमांकाचे स्टिकर मागून घेऊन फाइलला लावावे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते लागते.