पालीवाल, टीकाराम

(२४ एप्रिल १९०९–८ फेब्रुवारी १९९५). जयपूर संस्थानातील वकील, जयपूर राज्य प्रजामंडळाचे नेते आणि राजस्थानचे पहिले निर्वाचित मुख्यमंत्री. मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे ३ मार्च ते ३१ ऑक्टोबर १९५२ असे जेमतेम आठ महिने होते. एवढ्यावरून ‘आधीचे आणि नंतरचे मुख्यमंत्री जयनारायण व्यास यांची खुर्ची राखणारे गृहस्थ’ अशी त्यांची ओळख करून देऊन पुढे सरकण्याची रीत पडली आहे, आणि ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. राजस्थानातली जहागीरदारी कायद्याने मोडण्याच्या कामात पालीवालांचा वाटा किती होता, हे त्यांच्या खुर्चीच्या मुदतीवरून मोजता येत नाही.

त्यांचा जन्म मंडावर येथला. हे गाव आज दौसा जिल्ह्यात आहे. त्या काळी तो सारा टापू जयपूर संस्थानात होता. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली पत्करली आणि त्याच वाटेने ते राजकारणात आले. संस्थानातली वकिली आणि ब्रिटिश मुलखातली वकिली यांत मोठे अंतर होते. मुंबई-पुण्याचा वकील सरकारशी भांडताना निदान छापील कायद्याचा आधार घेऊ शकत असे. संस्थानात दरबाराचा हुकूम हाच कायदा. गावे बहुतांशी ठाकूर-जहागीरदारांची. सारा किती, वेठबिगार किती, लग्नकार्याला, सणावाराला ठाकुराच्या गढीवर काय पोचवायचे, हे ठाकूर ठरवी. या देण्यांना तिकडे ‘लाग-बाग’ म्हणत. अशा ठिकाणी कुळाची बाजू कागदावर मांडणारा माणूस आपसूकच राजकीय माणूस ठरे.

जयपूर राज्य प्रजामंडळाची स्थापना १९३१ मध्ये कर्पूरचंद पाटणी यांनी केली. पण ते नावाला उरले होते. १९३६-३७ मध्ये त्याची नव्याने बांधणी झाली ती जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने. वर्ध्याचे म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते बजाज मूळचे सीकरजवळच्या काशी का बास गावचे, म्हणजे जयपूर संस्थानचेच प्रजाजन. वकील चिरंजीलाल मिश्र नव्या मंडळाचे अध्यक्ष झाले. हिरालाल शास्त्री हे त्याचे प्रमुख संघटक. १९३८ मध्ये बजाज अध्यक्ष झाले आणि दरबाराशी उघड संघर्ष जुंपला. संस्थानात सार्वजनिक संस्थांना नोंदणीची सक्ती करण्यात आली. डिसेंबर १९३८ मध्ये खुद्द बजाज यांनाच जयपूरच्या हद्दीत प्रवेशबंदी झाली. दुष्काळनिवारणाच्या कामासाठी निघालेल्या बजाजांना सवाई माधोपूर स्थानकावर अडवण्यात आले. पाठोपाठ १९३९ चा जयपूर सत्याग्रह झाला. तो गांधीजींच्या सांगण्यावरून मार्चमध्ये थांबला, पण बजाज ऑगस्टपर्यंत कैदेतच होते. नोंदणी, मनाई हुकूम, सभाबंदी असा हा सगळा झगडा कायद्याच्या भाषेत चालला होता. पालीवाल, दौलतमल भंडारी यांच्यासारखे वकील मंडळात पुढे आले, त्याचे एक कारण यात शोधता येते.

१९४२ मध्ये दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी समझोता करून शास्त्रींनी ‘भारत छोडो’च्या ऐन वेळी मंडळाला लढ्यापासून दूर ठेवले. ते न पटलेल्यांनी ‘आझाद मोर्चा’ काढला. बाबा हरिश्चंद्र, रामकरण जोशी, दौलतमल भंडारी ही त्यातली नावे. ही फूट १९४५ मध्ये नेहरूंच्या मध्यस्थीने बुजली. मार्च १९४८ मध्ये जयपुरात लोकप्रतिनिधींचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शास्त्रींबरोबर देवीशंकर तिवारी, भंडारी आणि पालीवाल हे प्रजामंडळाचे प्रतिनिधी त्यात होते. जहागीरदारांचेही प्रतिनिधी होते.

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते जयपुरात बृहद् राजस्थानचे उद्‌घाटन झाले. जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख झाले, शास्त्री मुख्यमंत्री झाले आणि पक्षांतर्गत भांडणात जानेवारी १९५१ मध्ये गेलेही. काही महिने आयसीएस अधिकारी सी. एस. वेंकटाचार यांच्याकडे कारभार राहिला. मग एप्रिलमध्ये जोधपूरचे जयनारायण व्यास मुख्यमंत्री झाले. या मंत्रिमंडळात महसूल खाते पालीवालांकडे आले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच.

नव्या राज्याची सुमारे ६० टक्के जमीन जहागिरीत होती. कुळांच्या बेदखलीला १९४९ च्या वटहुकमाने आळा घातला होता, १९५१ च्या कायद्याने पिकातल्या हिश्शावर मर्यादा आली. पण मूळ दुखणे जहागीर हेच होते. राजस्थान भूमिसुधार व जहागीर पुनर्ग्रहण कायदा १९५२ मध्ये झाला. १३ फेब्रुवारीला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गंमत अशी, की तेव्हा राज्यात विधानसभाच नव्हती. तिची पहिली बैठक २९ मार्चला जयपूरच्या सवाई मानसिंह टाउन हॉलमध्ये भरायची होती. कायदा केला राजप्रमुखांनी. म्हणजे ज्या घराण्याकडून जयपूरच्या ठाकुरांना पिढ्यान्‌पिढ्या जहागिरी मिळाल्या, त्याच घराण्याच्या महाराजांच्या नावाने त्या परत घेण्याचा कायदा झाला. जहागीरदारांच्या वकिलांनी नेमके इथेच बोट ठेवले. राजप्रमुखांना हा अधिकार होता काय, भरपाई पुरेशी आहे काय, भोमीचाऱ्यासारख्या जुन्या जमीनधारणेच्या हक्कांना जहागीर म्हणता येते काय, असे प्रश्न घेऊन ते उच्च न्यायालयात गेले. अंमलबजावणी अडली. १९५३ मध्ये गोविंदवल्लभ पंत यांनी मध्यस्थी केली, कायद्यात दुरुस्त्या झाल्या, आणि प्रत्यक्ष जहागिरी घेण्यास १९५४ मध्ये सुरुवात झाली. १५ एप्रिल १९५५ रोजी ‘ठाकूर अमरसिंहजी विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. घाईत केलेला कायदा एवढ्या माऱ्यासमोर टिकत नाही.

पालीवालांना मुख्यमंत्रिपद मिळाले ते एका अनपेक्षित निकालामुळे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला १६० पैकी ८२ जागा मिळाल्या, म्हणजे निम्म्याहून केवळ दोन जास्त. समोर रामराज्य परिषद, जनसंघ आणि अपक्ष. त्यांच्यात जहागीरदारांचा मोठा भरणा. व्यास स्वतः दोन ठिकाणी उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले. जोधपुरात त्यांना हरवले महाराजा हणवंतसिंहांनी. आणि निकाल लागण्याआधीच, २६ जानेवारीला, महाराजा विमान अपघातात मरण पावले होते. (श्याम बेनेगलांच्या ‘झुबैदा’ चित्रपटामुळे ही शोकांतिका पुष्कळांना ठाऊक आहे.) नेता पराभूत झाल्यावर विधिमंडळ पक्षाने पालीवालांना निवडले. याच निवडणुकीत मुंबई राज्यात मोरारजी देसाई अवघ्या १९ मतांनी पडले होते, तरी एप्रिलमध्ये मुख्यमंत्री झाले ते मोरारजीच. सभागृहाबाहेरच्या माणसालाही मुख्यमंत्री होता येते, ही घटनेतली सोय मुंबईने वापरली. राजस्थानने आधी निवडून आलेला माणूस बसवला. दोन्ही गोष्टी कायदेशीर होत्या. लोकशाहीच्या पहिल्याच वर्षी कुठली अधिक शोभणारी होती, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंका नाही.

एवढ्या निसटत्या बहुमतावर, समोर जहागीरदार आणि मागे पडलेल्या नेत्याचे अनुयायी, अशा स्थितीत पालीवालांनी कारभार केला. व्यास किशनगढच्या पोटनिवडणुकीत विजयी झाले आणि १ नोव्हेंबर १९५२ रोजी पुन्हा मुख्यमंत्री झाले. पालीवाल त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री म्हणून राहिले. कालपर्यंत ज्या टेबलाच्या टोकाला बसायचे, त्याच टेबलाच्या कडेला बसणे आपल्याकडे फार थोड्यांना जमले आहे. १९५४ मध्ये व्यासांनी जहागीरदार गटातल्या अपक्ष आमदारांना काँग्रेसमध्ये घेतले. त्यावरून पक्षात असंतोष माजला, आणि नोव्हेंबरमध्ये अडतीस वर्षांच्या मोहनलाल सुखाडियांनी पक्षाच्या मतदानात व्यासांना हरवले. सुखाडिया सतरा वर्षांच्या आसपास सत्तेवर राहिले. आधीच्या पिढीचे सगळेच त्या लांब सावलीत गेले. १५ ऑक्टोबर १९५५ पासून लागू झालेला राजस्थान काश्तकारी कायदा सुखाडियांच्या खात्यावर जमा होतो. त्याची जमीन मात्र आधीच्या चार वर्षांत नांगरली गेली होती.

पुढे पालीवाल राज्यसभेवर गेले आणि १९६२ मध्ये हिंडौन मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ८ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. राजस्थानातल्या स्पर्धा परीक्षांत आजही ‘पहिले मुख्यमंत्री कोण’ आणि ‘पहिले निर्वाचित मुख्यमंत्री कोण’ असे दोन वेगळे प्रश्न विचारतात. पहिल्याचे उत्तर शास्त्री, दुसऱ्याचे पालीवाल. जहागीर कायद्याच्या प्रश्नाच्या पर्यायांत त्यांचे नाव सहसा नसते.