कुत्रं कुणाचं?

आमच्या भागात कुणाच्या वस्तीवर जायचं असलं की माणूस बांधावरूनच आवाज देतो, "ओ अण्णा, कुत्रं बांधलंय का?" रामराम नंतर, आधी कुत्र्याची चौकशी. हा प्रश्न फार जुना नाही बरं का. माझ्या लहानपणी, म्हणजे 1970च्या आगंमागं, तो कुणी विचारत नव्हतं. कारण कुत्रं बांधायची रीतच नव्हती. बैल बांधायचे, म्हैस बांधायची. साखळीचं कुत्रं बघायचं तर ते तालुक्याच्या गावी एखाद्या साहेबाच्या बंगल्यापुढं.

गावातलं कुत्रं मोकळं असायचं आणि ते गल्लीचं असायचं. वेशीतलं काळं, चावडीपुढचं बांडं, वाड्याच्या वट्ट्यावरची लंगडी कुत्री. त्यांना नावापेक्षा जागा जास्त होती. आई भाकरी थापून झाल्यावर परातीत राहिलेल्या पिठाचा शेवटचा उंडा घ्यायची अन् त्याची चानकी करायची. चानकी म्हणजे तळहाताएवढी भाकरी. पहिली चानकी लेकराला, शेवटची कुत्र्याला. अशा चार घरच्या चार चानक्यांवर एक कुत्रं जगायचं आणि चारही घरं राखायचं. रात्री परका माणूस गल्लीत शिरला की सगळ्या गल्लीला कळायचं. घरधनी कोण, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. गंमत तिथंच आहे आणि घोळही तिथंच आहे.

म्हणजे पूर्वी कुत्र्याला धनीच नव्हता असं नाही. फार मागं गेलं तर धनी असलेल्या एका कुत्र्याची हकीकत दगडात कोरलेली सापडते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथं दहाव्या शतकातला एक शिलालेख मिळाला, आता तो बंगळुरूच्या संग्रहालयात ठेवलाय. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मेहुणा गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत मणलेर नावाच्या वीरानं पराक्रम गाजवला. बूतुग त्याला म्हणाला, काय पाहिजे ते माग. या गड्यानं काय मागावं? राजाचं 'काळी' नावाचं शिकारी कुत्रं! पुढं त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज लागली, आणि दोघंही त्यात मेली. मणलेरानं त्याची शिळा उभी केली आणि तिच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली. आता हे राष्ट्रकूट म्हणजे परके नव्हेत. ते स्वतःला लट्टलूरपुराचे धनी म्हणवायचे. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, आणि लातूर 15 ऑगस्ट 1982 पर्यंत आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तेव्हा या हकीकतीवर आमचाही थोडा हक्क पोचतो असं मी धरून चालतो.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून तर 2012 साली केवढं रण माजलं. पुतळा काढला, परत बसवला. तो वाद इतिहासाच्या जाणकारांनी मिटवावा, मी त्यात पडत नाही. मी एवढंच बघतो, की मेलेल्या कुत्र्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात आणि जितं कुत्रं त्यांच्याच दारात खरजेनं मरत असतं.

देवाच्या बाबतीतही तसंच. आमच्या तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा आहे. हा देव वर्षातून दोनदा गाव बदलतो. काही महिने अणदूरला, काही नळदुर्गला. खंडोबासोबत कुत्रं असतं. त्याला नवसानं वाहिलेला भक्त म्हणजे वाघ्या. जुने वाघे कोटंब्यात अन्न घेऊन कुत्र्यासारखं भुंकायचे, तसंच तोंड लावून खायचे. देवाचं कुत्रं होण्यात त्यांना मोठेपण वाटायचं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, धर्मराजासोबत शेवटपर्यंत चाललेलं कुत्रं, तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळणारे नामदेव महाराज. कीर्तनात हे सगळं आम्ही ऐकलंय. पण ह्याच मुलखात दुसरीही गोष्ट घडत होती. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना, गुराढोरांना पाणी पिता येत होतं आणि माणसांना येत नव्हतं. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला तिथं जाऊन ओंजळ भरली तेव्हा कुठं जगाला ते कळलं. आमचा भाग तर निजामाचा. इथं वेगळं काही नव्हतं. ज्या आडावर कुत्रं पाय टेकून डोणीतलं पाणी प्यायचं, त्या आडापासून लांब घागर ठेवून बाया ताटकळलेल्या असायच्या. हे मी स्वतः बघितलंय, आणि ते 1927 चं नाही, माझ्या शाळेच्या दिवसांतलं आहे. कुत्र्यावर माया करणारा गाव चांगलाच असतो असं म्हणताना म्हणून माझी जीभ जरा अडते.

निजामाचं निघालं म्हणून वडलांनी सांगितलेलं एक सांगतो. 1947-48 साली रझाकारांचा जाच वाढला तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ घरं रातोरात सरहद्द ओलांडून बार्शी तालुक्यात गेली. तो इंग्रजी मुलूख होता, तिथं स्वातंत्र्य आलेलं होतं. वडील म्हणायचे, लेकराचं तोंड दाबता येतं रे, कुत्र्याचं कसं दाबावं? कुत्री गाडीमागं यायची. भुंकली तर ठाव लागायचा. मग कुणी दगड मारून त्यांना परत हाकलायचं, कुणी भाकरी टाकून ती खाण्यात असताना पुढं सटकायचं. 17 सप्टेंबर 1948 नंतर माणसं परत आली तेव्हा काही वाड्यांपुढं तीच कुत्री बसलेली होती. हाडं मोजावीत अशी. वडील हे सांगताना नेहमी तिथंच थांबायचे अन् तंबाखू मळायला घ्यायचे.

तसंच मी भूकंपात बघितलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला आले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. पुढं लोक म्हणायला लागले, कुत्री रात्रभर भुंकत होती, त्यांना कळलं होतं. असेल. पण विसर्जनाच्या रात्री ढोलाताशांनी कुत्री भुंकतातच, तेव्हा कुणी काय समजावं? आम्ही चार-पाच जण ट्रॅक्टर घेऊन लोहारा तालुक्यात मदतीला गेलो होतो. एका ढिगाऱ्यावर कुत्रं पाय खरवडत होतं. तिथं उकरलं तर दोन माणसं निघाली, जिती नव्हती. पुढं ही गावं दुसरीकडं नव्यानं वसवली, सरळ रस्ते, ऐसपैस प्लॉट. माणसं तिकडं गेली, कुत्री मात्र कितीतरी दिवस जुन्या गावाच्या दगडांतच राहिली. नव्या गावात घराघरात अंतर पडलं. गल्ली राहिली नाही म्हणून गल्लीचं कुत्रंही राहिलं नाही. प्रत्येकानं आपापलं पाळलं.

माझ्या मते आमच्याकडं कुत्र्याला खरा धनी मिळाला तो असा, घरं लांब लांब गेल्यावर. बोअर आलं, शेतात वीज आली, आणि माणसं गाव सोडून रानात वस्ती करून राहायला लागली. वस्तीवर शेजार नाही. लांडगा आहे, चोर आहे, आता बिबट्या आहे. 2024च्या अखेरीस तर यवतमाळच्या टिपेश्वरातून चालत आलेला वाघ आमच्या येडशी रामलिंगच्या अभयारण्यात निघाला. अशा ठिकाणी कुत्र्याशिवाय बाईमाणूस एकटं राहणार कसं? धनगर तर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. हौशी माणसं कारवानी, पश्मी पाळतात. लांब तोंडाची, कापलेल्या पोटाची, वाऱ्यासारखी पळणारी. त्यांच्यामुळं सोयरीकही जुळते. "तुमच्या कुत्रीचं पिल्लू द्या" म्हणून आलेला माणूस चहाला बसतो, पाऊसपाणी निघतं, मग पोराची-पोरीची गोष्ट निघते. मी अशी दोन लग्नं बघितलीत.

पण तेच कुत्रं माणसं तोडतंही. आमच्या शिवारात एकाच वाटेवर चार वस्त्या आहेत. पहिल्या वस्तीवरल्या कुत्र्यानं दूध गोळा करणाऱ्या पोराची पोटरी फोडली. दुसऱ्या दिवसापासून पोरगं यायचं बंद. त्या एका घराचंच नव्हे, चारही वस्त्यांचं दूध घरात राहिलं. पाठोपाठ खुरपणीच्या बाया म्हणाल्या, "त्येच्या रानात आमी येत न्हाई, कुत्रं अंगावर येतंय." कुत्र्याच्या धन्याचं म्हणणं, "आमचं कुत्रं आसं करतच न्हाई, पोरानंच खडा मारला आसंल." हे वाक्य मी इतक्या धन्यांच्या तोंडून ऐकलंय, की शाळेत शिकवतात की काय असं वाटावं. शेवटी आम्ही लिंबाखाली बसलो. पोराची आई आली होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, कुत्रं मोकळं सोडाया तुमाला कुनी न्हाई म्हनलं? पन माज्या लेकराला काय झालं तर कुनाकडं मागू?" सगळे गप्प बसले. कारण तिथल्या म्हाताऱ्यांना आमच्या गल्लीतलं एक पोरगं आठवलं.

ते पोरगं माझ्या वर्गातलं. 1972 च्या दुष्काळानंतरची गोष्ट. गल्लीतल्याच कुत्र्याचं ओरखडलं होतं, मोठी जखम नव्हती. घरच्यांनी तिच्यात मिरचीपूड भरली, एका जाणत्याकडनं मंतरलेलं औषध आणलं. दवाखान्यात न्यायचं म्हणजे तेव्हा पोटात 14 इंजेक्शनं, रोज एक, रोज एसटीचा फेरा. कोण नेणार? महिना-दीड महिन्यानं त्याला तांब्या बघूनच झटके यायला लागले. मेला. आणि कुत्रं कुणाचं म्हणून चौकशी निघाली तेव्हा चारही घरांनी हात वर केले. ज्यांच्या चानक्या ते खायचं, त्यातलं एक घर आमचं होतं.

हा पिसाळण्याचा रोग एकदा दिसायला लागला की माणूस जवळजवळ हाती लागत नाही. पण त्याच्या आधी त्याला रोखता येतं, हे जगाला 6 जुलै 1885 पासून माहीत आहे. त्या दिवशी पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचायला सुरुवात केली. पोरगं वाचलं. आपल्याकडं 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं सेंपल नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, तीच ती पोटातली. आता ती बंद झाली. दंडात टोचतात, चार-पाच वेळा जावं लागतं, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. त्याच्याही आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. मिरची नाही, चुना नाही. जखम खोल असली तर डॉक्टर जखमेतच वेगळं औषध सोडतात, तेही मागून घ्यावं.

लिंबाखालच्या बैठकीत एका मास्तरांनी कायदा सांगितला. इंग्रजांच्या 1860च्या दंडविधानातच 289 वं कलम होतं, की पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी धन्यानं घ्यायची. नाही घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. नव्या न्याय संहितेत ते 291 वं झालं आणि दंड 5000 रुपयांपर्यंत गेला. आणि बेवारस कुत्र्यांचं काय? तर 2023च्या नियमांप्रमाणं ती पकडायची, नसबंदी आणि लस करायची आणि पुन्हा जागेवर सोडायची. काम स्थानिक संस्थेचं. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जे झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलं. तिथंही शेवटी पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची टोचून परत जागेवर सोडा, असंच ठरलं. आमच्या ग्रामपंचायतीकडं ना पिंजरा ना माणूस. तेव्हा कागद दिल्लीत आणि कुत्री आमच्या वेशीत, अशी गत आहे.

असो. आमची बैठक मिटली ती अशी. पोराच्या दवाखान्याच्या फेऱ्यांचं गाडीभाडं आणि बुडालेला रोज धन्यानं द्यायचा. कुत्रं दिवस उगवल्यापासून दूध जाईपर्यंत बांधायचं, खुरपणी असली तर दिवसभर, रात्री मोकळं. चारही वस्त्यांच्या कुत्र्यांना जनावरांच्या दवाखान्यात नेऊन एकदम टोचायचं आणि दरसाल टोचायचं. पहिल्या वर्षी सात कुत्री छोट्या हत्तीत घालून नेली. काय तो कालवा! पण नेली. दूधवालं पोरगं परत यायला लागलं, ते अजूनही हातात काठी घेऊनच येतं.

एक गोष्ट मात्र त्या बैठकीत सुटली नव्हती. कळंब, वाशी, भूमकडच्यासारखी आमच्याकडलीही काही घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी येतात. कोयत्याचं बिऱ्हाड, लेकरं, शेळी, कोंबड्या सगळं ट्रॅक्टरवर चढतं. कुत्र्याला जागा असली तर तेही चढतं, नसली तर सडकेपर्यंत पळत जातं आणि परत येऊन कुलपापुढं बसतं. अशी मागं राहिलेली कुत्री भुकेनं टोळी करतात आणि मग दुसऱ्याच्या करडांना हात घालतात. तीन वर्षांमागं आमच्याकडल्या एका ऊसतोड बाईनं निघायच्या आदल्या सांजेला दोन पायल्या ज्वारी आणून माझ्या घरात ठेवली. मंडळीला म्हणाली, "वैनी, कुत्र्याची हाय. पीठ तुमीच दळा, चानकी टाका." टोचल्याचा दवाखान्यातला कागदही तिनं पिशवीत घालून दिला होता. पुढच्या साली आणखी दोन घरांनी तसंच केलं. यंदा पाच घरांची ज्वारी आहे. कणगीवर खडूनं नावं लिहून ठेवलीत, कुत्र्यांची नाही, धन्यांची.