हळदीचा खटला आणि उर्दूची साक्ष

तळेगावात लग्नघर कोणाचेही असो, नवरीच्या अंगाला हळद लागतेच. आपल्या घरी तिला उबटन म्हणतात एवढेच. बेसन, तेल वा साय आणि हळद हा ऐवज दोन्हीकडे जवळपास तोच. कातडीला चरे पडले, खरचटले, तरी पहिली धाव हळदीच्या डब्याकडे. ही गोष्ट नवी आहे असे कोणी म्हटले तर आपण हसू. पण मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने तसे म्हटले! जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली या पेटंटाला हरकत घेतली. अडचण अशी की, अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशातील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. छापील मजकूर लागे. कोट्यवधी आजीबाईंची साक्ष तेथे शून्य! मग शोध सुरू झाला आणि ३२ संदर्भ हाती लागले. त्यांत १९५३ चा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील एक लेख होता, आणि संस्कृत व हिंदीबरोबर उर्दू ग्रंथही होते. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

शास्त्राने हळदीकडे पाहिले नव्हते असे नाही. तिच्यातील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, युरोपात १८१५ सालीच वेगळे काढले गेले आणि त्याची रासायनिक रचना १९१० साली उलगडली. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते; उबटनातली साय आणि तेल यांचा उपयोग येथे कळतो. (हळदीने माणूस गोरा होतो, हा मात्र भ्रम.) पेंढरकरांच्या विको कंपनीने १९७५ साली हळदीचे क्रीम काढले, तेव्हा ते औषध की सौंदर्यप्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याच जिल्ह्यातील, समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही कागदपत्रे जमवूनच.

हळदीच्या खटल्यानंतर, २००१ साली, सरकारने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास घेतले. त्यात आयुर्वेदाबरोबर अरबी, फारसी आणि उर्दूतील युनानी ग्रंथांतील नुस्खेही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरविले गेले. परंतु ते छापील ग्रंथांतले. हकीमांच्या हातच्या बयाज़ा, म्हणजे नुस्ख्यांच्या वह्या, कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी पडून आहेत, आणि ती उर्दू वाचणारी नातवंडे कमी होत चालली आहेत. आपल्या घरी अशी वही असेल तर वाळवी लागण्यापूर्वी ती शाळेच्या उर्दू शिक्षकांना दाखवा, आणि मुलांकडून तिची स्वच्छ नक्कल करून घ्या.