पत्त्यावरची चिन्हे आणि माणसाचे दैव



आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये हल्ली टॅरो नावाच्या विलायती पत्त्यांवरून भविष्य सांगणारे पुष्कळ झाले आहेत. चाकणच्या कारखान्यात कंत्राटाची मुदत संपत आली की ‘पुन्हा घेतील का?’ हा प्रश्न घेऊन त्यांच्या दारी जाणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. ज्याच्या हाती काहीच ठेवलेले नाही, त्याने कशाचा तरी आधार शोधावा यात नवल नाही. पण ज्या पानावर एवढा भरवसा टाकायचा, त्याची कुळकथा तरी ठाऊक असावी.

टॅरो जन्मला पंधराव्या शतकात, इटलीत, आणि तोही खेळ म्हणून. त्याची पाने 78. भविष्याशी त्याची गाठ पक्की बांधली गेली ती तीनशे वर्षांनंतर. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने ही पाने म्हणजे प्राचीन मिसर देशाची गुप्त विद्या आहे असे लिहिले. मिसरची चित्रलिपी उलगडली 1822 मध्ये! मग त्याच्यापाशी पुरावा कोठला असणार?

त्यांतले एक पान दैवचक्राचे. मिलानच्या राजघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या पानावर एक माणूस वर चढतो आहे, एक माथ्यावर बसला आहे, एक खाली येतो आहे. आणि तळाशी एक म्हातारा हातपाय टेकून चक्राखाली ओणवा आहे. भविष्य सांगणारे चढ-उताराचा अर्थ सांगतात. माझी नजर मात्र त्या म्हाताऱ्यावर खिळते.

आपल्याकडेही असा सचित्र खेळ होता, तो म्हणजे गंजिफा. बाबराच्या आत्मचरित्रात 1527 च्या सुमारास त्याचा उल्लेख येतो. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त अकबराच्या गंजिफांचे वर्णन केले आहे. त्यांतील धनपतीच्या रंगात राजा व वजीर तर आहेतच. पण खालच्या दहा पानांवर धातू वितळवणारा, तोलणारा, नाणी पाडणारा अशी टाकसाळ आणि खजिन्यातली माणसे आहेत. म्हणजे ते पान उद्याचे भाकीत करीत नव्हते. राज्य कोण करतो आणि कोणाच्या श्रमावर करतो, हे सांगत होते.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू ही त्यांची चिन्हे. खेळणारे तिघे. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री कृष्णाच्या राजाला तो मान. पाच रंगांत दश्शी मोठी व एक्का लहान. उरलेल्या पाचांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. राजा आणि प्रधान मात्र दोन्हीकडे वरच! तोच एक्का, एका रंगात मातीमोल आणि दुसऱ्यात मोलाचा. पानाच्या अंगी ते मोल नाही. खेळणाऱ्यांनी ठरवलेल्या नियमात आहे.

आणि ही पाने करणारे कोण? चिंचोक्यांच्या खळीने थर चिकटवून, घोटून, रंगवून, वर लाख चढवणारे चितारी. छापील पत्ते स्वस्त झाले आणि त्यांचा धंदा बसला. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी राजवाड्यात पुन्हा काम सुरू करून ही कला वाचवली. ती वाचेल असे कोणत्या पानात लिहिले नव्हते. जाणत्या हातांना काम मिळाले, नव्या हातांनी ते शिकून घेतले, म्हणून ती वाचली.

म्हणून त्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे. पत्ते अवश्य पाहा. चित्रे सुंदर आहेत. पण पुन्हा कामावर घेतील की नाही याचा उत्तरदाता पानात बसलेला नाही. तुमच्या कंत्राटाचा कागद काढा, त्यातील अटी वाचा, शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्यालाही वाचायला लावा. तेही माणसांनीच ठरवलेले नियम आहेत, आणि ते बदलण्यासाठी एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून बसावे लागते.